पाद्रीबुवांच्या पेन्सिलीचा पंचनामा

भिंगारच्या वाचनालयातून एका मयत वाचकाच्या नावानं सात स्मरणपत्रं निघाली होती, आणि सातही कानिफनाथनं स्वतःच्या हातानं नेऊन पोचवली होती. पत्ता सोपा होता. कॅम्पाच्या दफनभूमीत शिरलं की चिंचेपासून डावीकडची तिसरी कबर. नियम क्रमांक एकोणीस सांगायचा की नोटीस वाचकाच्या शेवटच्या ज्ञात पत्त्यावर बजवावी. आणि पाद्री हॉलिस यांचा यापेक्षा शेवटचा पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता. कानिफ कबरीवर कागद ठेवायचा, कागदावर दगड ठेवायचा, पाच मिनिटं वाट बघायचा आणि पोचवहीत 'वाचक बोलले नाहीत' असा शेरा मारून परत यायचा.

चेष्टा करावी असं त्याच्या मनातही नसायचं. तो वाचनालयात सहा वर्षं तात्पुरता होता. कायम माणसाला नियम ठाऊक असले तरी भागतं, तात्पुरत्याला ते पाळावे लागतात. शिवाय शेवगावच्या साळूबाईंनी आपली मुलगी त्याला द्यायचं जवळजवळ नक्की केलं होतं आणि त्या 'जवळजवळ'मध्येच सगळं अडकलं होतं. "पोरगं गुनाचं हाय," त्या कानिफच्या आईला, गोजरबाईंना म्हणाल्या होत्या, "पन तात्पुरत्याला तात्पुरतीच पोरगी देऊ का? कायम होऊ द्या. त्याच दिवशी नारळ फोडू."

तर पाद्रीबुवांचा गुन्हा असा.

हॉलिससाहेब कॅम्पातल्या चर्चमध्ये वीस वर्षं पाद्री होते. १९३१ साली वारले आणि जाताना आपली सगळी पुस्तकं वाचनालयाला देऊन गेले. पुढच्या तीस वर्षांत त्यातली बहुतेक वाळवीनं वाचून संपवली. उरले ते नऊ जाडजूड खंड. इंग्लंडात एल्मस्टो नावाचा एक मठ होता. तिथल्या साधूंनी सहा-सातशे वर्षांपूर्वी लिहिलेली बखर आणि तिथल्या बिशपचं दप्तर, असं सगळं कुणा विद्वानांनी शंभर वर्षांपूर्वी छापून काढलं होतं. मजकूर सगळा लॅटिन. वाळवीनंसुद्धा त्याला तोंड लावलं नव्हतं.

कानिफनं मात्र लावलं होतं. लॅटिन त्याला येत नव्हतं, पण प्रत्येक पानाच्या कडेला इंग्रजीत बारीक अक्षरात सारांश असायचा, आणि इंटरला दोनदा बसलेल्या माणसाला डिक्शनरी घेऊन तेवढं जमायचं.

"म्हंजी हाय काय त्यात?" समोरच्या दुकानातल्या नबीलालनं एकदा विचारलं होतं. नबीलाल बाइंडर. पुस्तकं शिवायचा, पुठ्ठे चढवायचा, आणि काम कधी मिळेल असं विचारलं की "परवा" म्हणायचा. त्याचा परवा कुणी पाहिलेला नव्हता.

"आपल्या तालुक्यात हाय तेच," कानिफ म्हणाला. "बिशप तपासनीला येनार म्हनलं की निम्मे साधू आजारी. एकजन परार्थनेच्या टायमाला झोपतोय. एकानं मठात चाळीस कुत्री पाळल्यात."

"चाळीस?"

"चाळीस. छापलंय."

"आन् खायला काय घालत हुता रं त्यास्नी?"

"त्येच बिशपनं इचारलंय."

आता, या नऊ खंडांच्या समासांत, पानापानावर, पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. बारीक मुंगीसारखं अक्षर. कुठं एक शब्द, कुठं चार ओळी, सगळं लॅटिन, आणि निम्म्या अक्षरांच्या डोक्यावर टोप्या घातल्यासारख्या रेघा. लिहिणारे अर्थातच हॉलिससाहेब. आणि वाचनालयाच्या पुस्तकात लिहायला बंदी होती.

वाचनालयाचे नियम ज्यांनी केले ते संस्थापक मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. माणूस कचेरीतून सुटला तरी कचेरी माणसातून सुटत नाही. त्यांचा नियम क्रमांक सतरा: 'पुस्तकात कोणी खुणा वा लिखाण केले असल्यास प्रथम त्याचा पंचनामा करावा. मजकूर न खोडता येणाऱ्या शाईने जसाच्या तसा उतरवून घ्यावा. प्रत्येक पानावर दोन पंचांच्या सह्या घ्याव्यात. तदनंतरच लिखाण खोडावे व वाचकाकडून लेखी खुलासा मागवावा.'

चाळीस वर्षांत हा नियम कुणी वाचलाच नव्हता. कानिफनं तो वाचला आणि १९६९च्या दिवाळीनंतर कामाला बसला. ते काम चौदा महिने चाललं. खंड, पान, ओळ, डावा समास की उजवा, मजकूर जसाच्या तसा, शेरा. मजकूर कळत नसल्यामुळं तो लिहीत नसे, काढत असे. टोपीला टोपी, शेपटीला शेपटी, रांगोळीचे ठिपके जुळवावेत तसा. चुकायची त्याला भीती होती, कारण पंचनाम्यात खाडाखोड चालत नाही. पंच म्हणून नबीलाल आणि चहावाला बन्सी. बन्सीला इंग्रजी वाचता येत नव्हतं, नबीलालला मराठीसुद्धा अडखळत यायचं. पण पंचाला वाचता यावं असं कुठल्याच पंचनाम्यात म्हटलेलं नसतं. दोघं रोज दुपारी येऊन एकेका पानावर सह्या ठोकायचे आणि बन्सी आठवणीनं विचारायचा, "मयत कोन?"

पंचनामा झाला की कानिफ आधी पावाच्या गरानं आणि मग रबरानं ते पान घासून स्वच्छ करायचा, आणि वहीत शेवटच्या रकान्यात लिहायचा: 'खोडले.' असे दोन हजार आठशे शेहेचाळीस वेळा.

वाचनालयाचे अध्यक्ष आप्पासाहेब यांनी ती पांढरीशुभ्र पानं पाहिली आणि म्हणाले, "याला म्हणतात काम! कानिफनाथ, या खंडांकडं बघून कुणी म्हणणार नाही की हे कुणी उघडलेत."

"आपला आशीर्वाद," कानिफ म्हणाला.

आणि बहात्तरच्या ऑक्टोबरात विलायतेहून पत्र आलं.

आप्पासाहेबांनी ते उभं राहून वाचलं. पत्र कुण्या मिस पेनफोल्ड यांचं होतं. त्या एल्मस्टोची बखर आणि दप्तर नव्यानं संपादून छापत होत्या. जुन्या छापील आवृत्तीत चुका फार. मूळ हस्तलिखितं पाहावीत तर ती लढाईत बाँब पडून जळाली. पण एका माणसानं, हिंदुस्थानात येण्यापूर्वी, मूळ हस्तलिखितांसमोर बसून छापील मजकूर ओळीनओळ ताडून पाहिला होता आणि सगळ्या दुरुस्त्या आपल्या स्वतःच्या प्रतीवर लिहून ठेवल्या होत्या. त्याचं भावाला लिहिलेलं पत्र आता सापडलं होतं. तो माणूस म्हणजे रेव्हरंड हॉलिस. ती प्रत भिंगारला असेल का? आणि त्यातल्या समासांत पेन्सिलीनं लिहिलेलं अजून वाचता येतं का? तसं असेल तर जगात त्या मठाचा खरा मजकूर आता फक्त तिथंच शिल्लक आहे, आणि बाई जानेवारीत स्वतः येत आहेत.

"जगात फक्त आपल्याकडं!" आप्पासाहेबांचा आवाज भरून आला. "कानिफनाथ, तू ते खंड जपलेस. बाईंच्या समोर तुला कायम केल्याचा ठराव वाचतो. जा, उत्तर लिही. 'सर्व खंड उत्तम स्थितीत आहेत.'"

कानिफनं उत्तर लिहिलं. सर्व खंड उत्तम स्थितीत होते. मग तो रस्ता ओलांडून नबीलालच्या दुकानात गेला आणि कागदाच्या गठ्ठ्यावर बसला.

"काय रं, ताप आला का?"

कानिफनं सगळं सांगितलं. नबीलालनं खळीत बुडवलेला हात तसाच वर धरून ऐकलं.

"म्हंजी दुनियेत एकच कापी हुती..."

"व्हय."

"...आन् ती तू पावानं पुसली."

"रबरानं बी."

नबीलालनं थोडा विचार केला. मग त्याचा चेहरा एकदम उतरला. "आरं, पर पंच मीच हाय की! पानापानावर सही हाय माजी. माजी आन् बन्सीची!"

हीच तर गोम होती. समास पुसले गेलेत हे एक वेळ उन्हावर, दमट हवेवर, काळावर ढकलता आलं असतं. पण चारशे पानांची ती पंचनामा वही म्हणजे कबुलीजबाब होता: कुणी पुसलं, कधी पुसलं, कशानं पुसलं, कुणादेखत पुसलं. चोरानं स्वतःच्या चोरीचा पंचनामा करून, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन, वर अनुक्रमांक टाकावेत तसा प्रकार. कानिफला रकाना दिसत होता तो एकच, शेवटचा. खोडले. खोडले. खोडले. त्याच्या अलीकडच्या रकान्याकडं त्याचं लक्षच गेलं नाही. भ्यालेला माणूस नेहमी उजवीकडूनच वाचतो.

"वही हिकडं आन," नबीलाल हळूच म्हणाला. "कागदाला कागद चिकटवून पुठ्ठं करून टाकतो. पुठ्ठ्यात गेल्याला कागद शीआयडीला बी सापडत न्हाई."

"कवा करशील?"

"परवा."

कानिफनं वही आणून दिली आणि त्या दिवसापासून वजनानं उतरायला लागला.

जानेवारी उजाडला. दुष्काळाचं वर्ष, रस्त्यावर पाणी मारायलासुद्धा पाणी नव्हतं, तेव्हा आप्पासाहेबांनी बाईंच्या स्वागताला रस्ता नुसता झाडून घेतला. त्यामुळं बाईंचा टांगा नगरहून आला तो धुळीच्या ढगातूनच. आतून पंचावन्नएक वर्षांच्या, उंच, खादीच्या पिशव्या दोन्ही खांद्यांना लावलेल्या बाई उतरल्या आणि त्यांनी जमलेल्या मंडळींना हात जोडून सांगितलं:

"हम आ गया. सब लोग चुप बैठो."

सगळे चुप बसले. मग उलगडा झाला. बाईंचे वडील भिंगार कॅम्पात फौजेत होते आणि बाई सहा वर्षांच्या होईपर्यंत इथंच एका आयाच्या कडेवर वाढल्या होत्या. हिंदुस्थानी त्यांना उत्तम यायची, पण ती तेव्हा शिकलेली. त्यानंतर वाढलेली नव्हती. लॅटिन, फ्रेंच आणि जुनी इंग्रजी कोळून प्यालेल्या या विदुषी भिंगारात सहा वर्षांच्या पोरीसारखं बोलत होत्या. आप्पासाहेबांनी हार घातला तेव्हा म्हणाल्या, "फूल अच्छा है. हमको किताब दिखाओ, नहीं तो हम रोएगा."

"दाखवतो, दाखवतो," आप्पासाहेब घाईघाईनं म्हणाले. "पाच वाजता सभा आहे. आधी चहा—"

"चाय नहीं पिएगा. किताब."

टेबलावर पांढरी चादर घालून नऊ खंड मांडले होते. त्यांच्याशेजारी, बाईंना सहज दिसावा असा, नबीलालनं बांधलेला आप्पासाहेबांचा साठीचा गौरवग्रंथ होता. वेलबुट्टीचं कापड, वर सोनेरी नाव. नबीलालच्या हयातीत वेळेवर झालेलं हे एकमेव काम, कारण आप्पासाहेब रोज सकाळी जाऊन त्याच्या दुकानात बसायचे.

बाईंनी पहिला खंड उघडला. पान उलटलं. आणखी पाच उलटली. दुसरा उघडला. मग सातवा. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. पान खिडकीपाशी उजेडात तिरपं धरलं. पावाचा गर आणि रबर यांनी चौदा महिने घासलेला तो कागद उन्हात दुधासारखा चमकला.

"पेन्सिल किधर गया?" बाईंनी विचारलं. "कौन खाया?"

आप्पासाहेबांनी कानिफकडं पाहिलं. कानिफनं भिंतीकडं पाहिलं. भिंतीवर संस्थापकांचा फोटो होता आणि तो सरळ त्याच्याकडं बघत होता.

खोटं बोलायची त्यानं तीन महिने तयारी केली होती. ऊन, दमट हवा, काळ, सगळं पाठ होतं. पण समोर उभी असलेली बाई सहा वर्षांच्या पोरीच्या भाषेत विचारत होती, आणि लहान पोरीला खोटं सांगायला माणसाची जीभ रेटत नाही.

"मैंने मिटाया, मेमसाब," तो म्हणाला. "सब. पाव से. और रबर से."

बाई खाली बसल्या. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून त्या कोऱ्या समासाकडं बघत राहिल्या. आप्पासाहेब हळूच खुर्चीवरून उठले आणि पाच वाजता वाचायच्या ठरावाचा कागद त्यांनी खिशात आणखी खोल ढकलला. कानिफला तो कागद खाली जाताना दिसला. त्याच्यामागून शेवगाव, साळूबाई, नारळ, सगळंच ओळीनं खिशात उतरलं.

"तुम बहुत बदमाश बच्चा है," बाई शेवटी अगदी हळू म्हणाल्या. "तुम जानवर का माफिक किया. ऐसे ही मिटा दिया."

हे मात्र कानिफला लागलं. बदमाश म्हणा, कायम करू नका, पण 'ऐसे ही'? सहा वर्षांत त्यानं टाचणीसुद्धा 'ऐसे ही' उचलली नव्हती.

"ऐसे ही नहीं मिटाया मेमसाब!" तो ताठ होऊन म्हणाला. "कायदेशीर मिटाया! पहिले पंचनामा किया, फिर मिटाया!"

"पंचनामा क्या होता?"

कानिफ म्हणाला, "जो लिखा था, वो सब वही में उतारा. एकेक अक्षर. जैसा का वैसा. टोपी का टोपी. फिर दो पंच का सही लिया. फिर..."

आणि इथं, आयुष्यात पहिल्यांदा, कानिफनं ती वही मनातल्या मनात डावीकडून वाचली.

बाई उभ्या राहिल्या होत्या. "सब अक्षर?"

"दो हजार आठ सौ छेहेचाळीस."

"तुमको लॅटिन आता?"

"बिलकुल नहीं."

"शाबाश!" बाई ओरडल्या. "जिसको आता वो सुधारता! जिसको नहीं आता वो सच लिखता! लाओ! अभी लाओ! जल्दी!"

"वो तो..." कानिफ म्हणाला, "पुठ्ठे में गया."

पुढचं वाक्य त्याला बोलावं लागलं नाही, कारण तोपर्यंत तो रस्त्यावर होता. त्याच्यामागं बाई, बाईंच्या मागं आप्पासाहेब, आणि काय झालंय ते न कळता त्यांच्यामागं हार घालायला आलेली सगळी सभा.

नबीलालनं दारात एवढा जमाव पाहिला आणि जिवाच्या आकांतानं कामाला लागल्याचं सोंग घेतलं.

"नबी! ती वही!"

"झाली!" नबीलाल म्हणाला.

"काय झाली?"

"पुठ्ठा झाली. तवाच झाली. तुला शबुद दिल्ता ना?"

कानिफनं दुकानाच्या फळीला धरलं. सहा वर्षांत त्यानं नबीलालला ढीगभर कामं दिली होती आणि एकही वेळेवर झालं नव्हतं, आणि आज.

"नबी, नीट सांग. समदी झाली? येक बी पान न्हाई उरलं?"

"म्हंजी? मी काय थापा मारतो काय?" नबीलाल चवताळला. एवढ्या लोकांसमोर, त्यात एक गोरी बाई. "ह्या नबीलालनं दिल्याला शबुद कंदी मोडलाय का? इचार, समद्या भिंगारात इचार!"

भिंगार मागंच उभं होतं. ते खाली बघायला लागलं.

"नबी," कानिफ रडकुंडीला येऊन म्हणाला, "आरं तू आळशी हायेस. तू लई आळशी हायेस. तुझ्याएवढा आळशी मानूस नगर जिल्ह्यात न्हाई. हाय का न्हाई? माझ्यासाठी हो म्हन!"

"चार लोकांत इज्जत काढतो व्हय रं?"

"तुझ्या पाया पडतो. येकदा म्हन की काम झालं न्हाई!"

नबीलालनं कानिफकडं पाहिलं. त्याचे डोळे खरंच भरलेले होते. मग बाईंकडं पाहिलं. बाई म्हणाल्या, "सच बोलेगा तो मिठाई देगा."

"बरं बाबा," नबीलाल मान खाली घालून पुटपुटला. "न्हाई झालं. वंगाळ म्हना, चांगलं म्हना. परवा करनार हुतो."

कानिफनं त्याला खळीच्या डब्यासकट मिठी मारली.

वही शिकंज्याखाली होती. पुस्तकं दाबायच्या त्या लाकडी शिकंज्याची एक बाजू बुटकी होती आणि ती सरळ राहावी म्हणून नबीलालनं तिच्याखाली ती वही सरकवली होती. तीन महिने एल्मस्टोच्या मठानं भिंगारचा शिकंजा तोलून धरला होता. बाईंनी ती तिथंच, जमिनीवर बसून उघडली.

पहिलं पान. दुसरं. त्यांचं बोट रकान्यावरून खाली चाललं होतं आणि ओठ हलत होते. एकदम त्या जोरात हसल्या.

"चार!" त्या म्हणाल्या. "चार कुत्ता!"

"काय म्हणतात?" आप्पासाहेबांनी विचारलं.

मग बाईंनी समजावून सांगितलं. त्या मठातल्या एका साधूनं चाळीस कुत्री पाळली असं छापलेलं होतं. त्या एका ओळीवरून शंभर वर्षं विद्वान लिहीत आले होते की त्या काळी मठांचा ऱ्हास झाला होता, साधू शिकारीच्या नादी लागले होते, वगैरे. त्यावर जाड जाड पुस्तकं होती. आणि हॉलिससाहेबांनी मूळ दप्तर बघून समासात लिहिलं होतं की छापणाऱ्यानं चूक केली; कुत्री चारच होती.

"चार व्हय!" नबीलालनं सुस्कारा टाकला. "मी तवाच म्हनलो हुतो, चाळीस पोसायची कशी?"

सहाशे वर्षांनी एक साधू निर्दोष सुटला, तोही भिंगारात, बाइंडरच्या दुकानात. कानिफला का कोण जाणे, आपलीच सुटका झाल्यासारखं हलकं वाटलं.

पण बाईंचं बोट पानांच्या अनुक्रमांकावर थांबलं. "सोलह पन्ना नहीं है."

सगळ्यांनी नबीलालकडं पाहिलं.

"त्ये..." नबीलालनं आप्पासाहेबांकडं पाहिलं. "त्ये येका अर्जंट कामाला लागलं. सायेब रोज येऊन बसत हुते. पुठ्ठं कमी पडलं."

सभा पुन्हा वाचनालयात आली. टेबलावर गौरवग्रंथ होता. आप्पासाहेबांनी तो उचलून छातीशी धरला. वर सोनेरी अक्षरांत त्यांचं नाव, आत त्यांच्या साठ वर्षांच्या कार्याचा आढावा, पहिल्याच पानावर फेट्यातला फोटो. आणि पुठ्ठ्याच्या आत, दोन्ही बाजूंना आठ-आठ पानं, एल्मस्टोचं दप्तर.

"दुसरा काही मार्ग?" त्यांनी विचारलं.

बाई म्हणाल्या, "हम रोएगा."

आप्पासाहेबांनी डोळे मिटले. मोठा माणूस होता तो, हे सांगायला हवं. "कापा," ते म्हणाले. "पण नावाची बाजू जरा सांभाळून."

कापावं लागलं नाही. बन्सीनं चहाची किटली उकळती करून आणली आणि नबीलालनं वाफेवर पुठ्ठा धरून एकेक पान इतक्या हळुवार सोडवलं, की हा माणूस एवढं चांगलं काम करू शकतो हे भिंगारला प्रथमच कळलं. खळीनं पानं लिबलिबीत झाली होती. अक्षर मात्र हललं नव्हतं. नियम क्रमांक सतरा: न खोडता येणारी शाई. कानिफनं बॉलपेन वापरलं होतं. पानं टेबलावर वाळत घातली आणि ती उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर लॅटिनचे नऊ खंड ठेवले. प्रत्येक पानाखाली दोन सह्या होत्या. बाईंनी त्यांच्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, पंच कुठं आहेत. बन्सी आणि नबीलाल पुढं झाले. बाईंनी दोघांशी हात मिळवला आणि सांगितलं की सातशे वर्षांपूर्वी तिकडचे लेखनिकही असंच करायचे, नक्कल झाली की खाली साक्षीदार घ्यायचे. पुढं तिकडं ही रीत मोडली.

"मयत कोन?" बन्सीनं सवयीनं विचारलं.

पाचाची सभा सात वाजता झाली. आप्पासाहेबांनी ठराव खिशातून काढला. तो चुरगळला होता, पण वाचता आला. 'श्री. कानिफनाथ यांना सदर वाचनालयाच्या सेवेत आजपासून कायम करण्यात येत आहे.' टाळ्या झाल्या. बाईंनी विचारलं, कायम म्हणजे काय. आप्पासाहेब म्हणाले, "आता याला कुणी मिटवू शकत नाही." कानिफनं खुर्चीवर टेकून पहिल्यांदा पाठ पूर्ण मागं टाकली. सहा वर्षं तो खुर्चीच्या कडेवर बसत आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं शेवगावला साळूबाईंना कार्ड टाकलं. त्यावर पत्ता सोडून एकच शब्द होता: 'कायम.' मग बाईंना घेऊन तो दफनभूमीत गेला. चिंचेपासून डावीकडची तिसरी कबर. पहिली पाच स्मरणपत्रं शेळ्यांनी खाल्ली होती. सहावं आणि सातवं दगडाखाली होतं. बाईंनी सातवं कानिफकडून वाचून घेतलं. 'आपण ग्रंथांत पेन्सिलीने लिखाण का केले याचा लेखी खुलासा आठ दिवसांत करावा, अन्यथा आपले सभासदत्व रद्द करण्यात येईल.'

"अभी क्या करेगा?" बाईंनी विचारलं.

"खुलासा मिल गया," कानिफ म्हणाला. त्यानं दोन्ही कागद घडी करून खिशात घातले, कबरीवरचा दगड उचलून बाजूला ठेवला आणि पोचवही गुडघ्यावर उघडली. खुलासा समाधानकारक. नोटीस मागे. सभासदत्व चालू. एवढं लिहून झाल्यावर शेऱ्याचा रकाना उरला. बाई कबरीवरचा पाला हातानं सारत होत्या आणि कुठलंसं लॅटिन हळू आवाजात म्हणत होत्या. कानिफनं त्यांचं होईपर्यंत, नियमाप्रमाणं, पाच मिनिटं वाट पाहिली.

मग बॉलपेननं लिहिलं: 'वाचक बोलले.'